मशीनला कोकम सरबत कळत नाही

पोटाच्या तक्रारी : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. आम्ही मुलुंडला राहतो, त्यांचं ऑफिस फोर्टला. आठ वर्षं छातीत जळजळ आहे, आंबट ढेकर येतात, पॅन्टोप्रॅझोल चालूच आहे. दुर्बिणीच्या तपासणीत ‘ग्रेड ए’ सूज निघाली. सर्जननी अन्ननलिकेची खालची झडप आवळण्याचं ऑपरेशन सुचवलं आणि त्याआधी नाकातून नळी घालून चोवीस तासांची पीएच-इम्पिडन्स तपासणी करायला सांगितली. गोळ्या सात दिवस बंद ठेवून ती केली. सेंटरने दिलेल्या छापील रिपोर्टवर आम्लाचा वेळ ७.५ टक्के, डीमीस्टर स्कोअर २६.८, रिफ्लक्स (पोटातलं अन्ननलिकेत वर येणं) ११२ वेळा असं आहे आणि खाली ‘पॉझिटिव्ह’. मुलीच्या आग्रहाखातर आम्ही दादरच्या एका पोटविकारतज्ज्ञांना तेच रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवरून दाखवलं. त्यांनी आधी यांची टिपणवही मागितली, त्या दिवशी काय काय खाल्लं-प्यायलं ते खोदून खोदून विचारलं, तासभर कॉम्प्युटरसमोर बसले आणि म्हणाले, आम्लाचा वेळ ३.६ टक्के, स्कोअर १२.४, रिफ्लक्स ४७. जळजळ झाली की यांनी एकूण ११ वेळा रेकॉर्डरचं बटण दाबलं होतं. त्यातल्या ७ वेळा रिफ्लक्स होता असं मशीन म्हणतं, हे डॉक्टर म्हणतात ३ वेळा. त्यांच्या हस्ताक्षरातल्या हिशोबाची प्रत सोबत जोडते आहे. शेवटी त्यांनी ‘रात्रीची सरासरी २६४० ओहम’ असंही काहीतरी लिहिलंय. रेकॉर्डिंग एकच, आकडे दोन. खोटं कोण, मशीन की डॉक्टर? ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.

उत्तर : ताई, खोटं कोणीच नाही. मशीनने मोजायला सांगितलेलं मोजलं, डॉक्टरांनी मोजायला हवं होतं तेवढंच मोजलं. तुम्ही हिशोबाचा कागद जोडलात म्हणून बरं झालं. असा कागद मला वर्षात एखादाच बघायला मिळतो.

आधी ७.५ चे ३.६ कसे झाले ते पाहू. नळी सकाळी ११ ला बसली, दुसऱ्या दिवशी साडेनऊला निघाली, म्हणजे रेकॉर्डिंग १३५० मिनिटांचं. अन्ननलिकेच्या खालच्या झडपेच्या ५ सेंटिमीटर वर पीएच मोजणारा सेन्सर असतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, जितकं आंबट तितका आकडा खाली. तिथला पीएच ४ च्या खाली गेला की ते मिनिट ‘आम्लाचं’ धरायचं. यजमानांची अशी १०१ मिनिटं भरली. १३५० पैकी १०१ म्हणजे साडेसात टक्के. मशीनची बेरीज चोख आहे.

पण कागदावर दादरच्या डॉक्टरांनी लिहिलंय : ‘दुपारी ३ ते सव्वाचार, कोकम सरबत, बाटलीतून घोट घोट, बटण दाबलेलं नाही.’ आणि पुढे : ‘रात्रीचं जेवण, सोलकढी, बटण फक्त सुरुवातीला.’ झालं! कोकम स्वतःच आंबट. ते घशाखाली उतरताना सेन्सरला चाटून जातं आणि पीएच धाडकन खाली येतो. सेन्सरला काय, आंबट लागलं एवढंच कळतं. ते पोटातून वर आलं की तोंडातून खाली गेलं, याची त्याला फिकीर नसते. म्हणूनच जेवायला बसताना आणि उठताना बटण दाबायला सांगतात. ती मधली मिनिटं कॉम्प्युटर हिशोबातून गाळतो. तुमच्या यजमानांना वाटलं असणार, सरबत म्हणजे काही जेवण नव्हे. असं सगळ्यांनाच वाटतं. माझ्या एका पेशंटने दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळल्या होत्या आणि वहीत लिहिलं होतं, ‘काही खाल्लं नाही’.

सरबत, दोन जेवणं आणि चहा मिळून १५० मिनिटं गाळली. त्यात आम्लाची ५८ मिनिटं निघून गेली, त्यातली ४१ एकट्या सरबताची. उरली १२०० मिनिटांत ४३. म्हणजे ३.६ टक्के. डॉक्टरांनी यापलीकडे काही केलेलं नाही. डीमीस्टर स्कोअरही मुख्यतः याच मिनिटांवर उभा असतो : एकूण वेळ, उभं असतानाचा वेळ, आडवं असतानाचा वेळ, किती वेळा आम्ल आलं, पाच मिनिटांहून लांबलेले प्रसंग किती आणि सगळ्यांत लांबलेला कोणता. अमेरिकेतल्या जॉन्सन आणि डीमीस्टर यांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली. १४.७२ च्या वर गेला की स्कोअर वाढलेला समजतात. मुळात शिरलेलं सरबत सहाही खान्यांत पाझरतं. मग दोन दशांशांपर्यंत छापलेला आकडा कितीही रुबाबदार दिसला तरी उपयोग काय?

आता ११२ आणि ४७ ची गोष्ट. इथे मशीनची चूक वेगळ्या जातीची आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची.

त्या नळीवर पीएच सेन्सरशिवाय इम्पिडन्सच्या सहा जागा असतात, एकावर एक. दोन कड्यांमधून वीज किती अडते ते तिथे मोजलं जातं. द्रव आला की वीज सहज जाते, आकडा पडतो. हवा आली की आकडा चढतो. सहा जागा असल्यामुळे दिशा कळते. तुमच्याच लाइनवर समजावते. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर ही सहा स्टेशनं धरा. तोंड ठाण्याकडे, पोट सीएसएमटीकडे. आधी मुलुंडला हालचाल, मग नाहूरला, मग भांडुपला, तर गाडी खाली चालली आहे, म्हणजे तो साधा घोट. आधी घाटकोपर हललं, मग विक्रोळी, मग कांजूर, तर गाडी उलट निघाली आहे, म्हणजे रिफ्लक्स. खालच्या निदान दोन जागांवर आकडा मूळ पातळीपेक्षा निम्म्याहून जास्त पडला आणि तो पडण्याचा क्रम खालून वर असला, तरच रिफ्लक्स मोजायचा असा नियम आहे.

कॉम्प्युटर हाच नियम लावतो. गाड्या एका वेळी एकच धावत असत्या तर त्याने बरोबरच लावला असता. पण माणूस दिवसभर लाळ गिळतो, ढेकर देतो, ढेकरेबरोबर हवा वर, लागलीच घोट खाली, खोकला, बोलणं. वरून येणारी आणि खालून येणारी गाडी भांडुपला एकमेकींना ओलांडतात तेव्हा ‘आधी कोण हललं’ हा प्रश्न सेकंदाच्या अंशावर येतो. तिथे सॉफ्टवेअर बऱ्याचदा साध्या घोटाला रिफ्लक्स म्हणून मोकळं होतं. म्हणून स्वयंचलित मोजणीत रिफ्लक्सचा आकडा फुगलेला येतो, हे या विषयातल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. उलटही होतं. अन्ननलिकेला खूप सूज असेल तर मूळ पातळीच इतकी खाली असते की ती निम्म्यावर पडायला जागाच उरत नाही. अशा पेशंटमध्ये मशीन खरे रिफ्लक्स सोडून देतं. जिथे आजार नाही तिथे जास्त आणि जिथे जबर आहे तिथे कमी, असा हा विचित्र तराजू आहे.

याचा सगळ्यात वाईट परिणाम लक्षणांच्या नात्यावर होतो. जळजळीचं बटण दाबण्याआधीच्या दोन मिनिटांत रिफ्लक्स होता का, हे बघतात. निम्म्याहून जास्त वेळा असेल तर नातं आहे असं म्हणतात. दिवसभरात ११२ खुणा उधळल्या असतील तर कुठल्याही बटणाआधी एखादी सापडणारच. श्रावणात घराबाहेर कधीही हात काढा, पाऊस लागायची शक्यता जास्तच. म्हणून मशीनचे अकरापैकी सात, ६४ टक्के. डोळ्यांनी गाळून घेतल्यावर अकरापैकी तीन, २७ टक्के. पहिल्या आकड्यावर ‘नातं आहे’, दुसऱ्यावर ‘नाही’. सर्जनच्या निर्णयाला या फरकाने उलटी कलाटणी मिळू शकते.

तुम्ही म्हणाल, या बाईंना मशीनचा राग दिसतो. तसं नाही. मी ९० च्या दशकात हे काम शिकले. खांद्याला अडकवायचा रेकॉर्डर चांगला जड असायचा, आणि आलेखावर हाताने खुणा करायच्या म्हणजे अख्खी दुपार जायची. कॉम्प्युटरने टक्केवारी काढून द्यायला सुरुवात केली तेव्हा पेढे वाटायचे बाकी ठेवले होते मी. आणि माझा सगळ्यात लाजिरवाणा रिपोर्ट त्याच काळातला.

चाळिशीच्या एक बाई होत्या. जळजळ, रात्री तोंडात पाणी येणं, वजन उतरलेलं. मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला आणि झडपेचा दाब मोजणारी तपासणी, तेव्हा आमच्याकडे नव्हती, नळीची जागा एक्स-रेखाली ठरवायचो. प्रिंटरने आम्लाचा वेळ वीस टक्क्यांच्या वर दाखवला. ओपीडीत रांग होती. आलेखाचं पान न उलटता मी ‘तीव्र रिफ्लक्स’वर सही केली. सर्जन अनुभवी होते. त्यांनी झडप आवळायच्या आधी बेरियमचा एक्स-रे मागवला. त्यात अन्ननलिका वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसली. बाईंना अकलेझिया होता. या आजारात खालची झडप सुटतच नाही. पोटातलं वर येण्याचा प्रश्न नव्हता, वरचं खाली उतरत नव्हतं. अडकलेलं अन्न तिथेच आंबत होतं, आणि मशीनने त्या आंबण्याला रिफ्लक्स म्हटलं होतं. मग मी आलेख उघडला. खऱ्या रिफ्लक्समध्ये पीएच कड्यावरून दगड पडावा तसा कोसळतो आणि मग लाळेच्या एकेका घोटाबरोबर पायरी पायरीने वर चढतो. इथे तासन् तास हळूहळू उतरत गेलेली रेघ होती, एखाद्या घाटरस्त्यासारखी. एवढंच बघायला दहा सेकंदं लागली असती. आधीच न सुटणारी झडप आम्ही आणखी आवळणार होतो! केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘पाणीसुद्धा अडकतं’.

म्हणून आज कोणी मला ‘मॅडम, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे’ म्हणालं की मी आलेख मागते. नळी घसरून पोटात गेली तर पीएच तासन् तास तळाला पडून राहतो. संपर्क सुटला तर रेघ अशक्य आकड्यांवर उड्या मारते. पेशंट दुपारी तासभर आडवा झाला पण बटण दाबलं नाही, तर झोपेतलं आम्ल उभ्याच्या खात्यात जमा होतं. हे सगळं मशीन इमानेइतबारे मोजून घेतं.

आता डोळ्यांची बाजूही सांगते, नाहीतर दादरच्या डॉक्टरांना उगाच देवपण यायचं. आलेख वाचणारा माणूस थकतो, कंटाळतो, आणि मुख्य म्हणजे पेशंट समोर बसला की त्याचं मत आधीच झालेलं असतं. मी एकदा स्वतःवरच प्रयोग केला. एकच आलेख सकाळी मोजला, ४४ रिफ्लक्स निघाले. संध्याकाळी नाव झाकून पुन्हा मोजला, ५३. दोन डॉक्टरांत याहून मोठा फरक पडतो. तुमचे ४७ उद्या तिसऱ्या कोणी मोजले तर ४७ च येतील असं मी म्हणणार नाही.

पण सीमारेषा आखणाऱ्यांना हे माहीत होतं. फ्रान्समधल्या लिऑन शहराच्या नावाने ओळखलं जाणारं या विषयाचं सहमतिपत्र २०१८ मध्ये आलं, त्याची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये छापली गेली. त्यात आम्लाचा वेळ ४ टक्क्यांच्या खाली असेल तर ठीक, ६ च्या वर असेल तर रिफ्लक्सचा आजार, आणि मधला पट्टा अनिश्चित. रिफ्लक्सची संख्या ४० च्या खाली ठीक, ८० च्या वर जास्त, आणि मध्ये पुन्हा धूसर. नुसत्या संख्येवर निदान करू नये, ती फक्त जोडपुरावा, असंही त्यात आहे. म्हणजे माझे ४४ काय आणि ५३ काय, दोन्ही एकाच धूसर पट्ट्यात. पण ४७ आणि ११२ एका पट्ट्यात नाहीत. माणसाची चूक पट्ट्यातल्या पट्ट्यात हलली, मशीनची पट्टा ओलांडून गेली.

आणि सगळ्यात कामाचा आकडा तुम्ही सगळ्यात शेवटी, ‘काहीतरी’ म्हणून लिहिलात. २६४० ओहम! रात्री माणूस गाढ झोपलेला, घोट नाही, ढेकर नाही, अशा वेळी एक, दोन आणि तीनच्या सुमाराचे दहा-दहा मिनिटांचे शांत तुकडे घेऊन इम्पिडन्सची सरासरी काढतात. अन्ननलिकेचं अस्तर महिनोन् महिने आम्लात भिजत असेल तर ते झिरपतं आणि हा आकडा पडतो. १५०० च्या खाली असेल तर रिफ्लक्सच्या बाजूने पुरावा, २५०० च्या वर असेल तर विरुद्ध. यात कोण किती वेळा वर आलं हे मोजायचंच नसतं, म्हणून मशीन-माणसाचं भांडण इथे फारसं लागू होत नाही. भिंतीला ओल आहे का हे विचारायचं, पाऊस किती वेळा आला हे नव्हे. तुमच्या यजमानांची भिंत कोरडी दिसते.

‘ग्रेड ए’ने घाबरू नका. इतपत लाली कसलीही तक्रार नसलेल्या माणसांतही दिसते. ग्रेड बी किंवा त्याच्या वरची असती तर वेगळं बोलले असते.

सगळं धरून माझं मत. मी यजमानांना तपासलेलं नाही हे लक्षात ठेवून वाचा. या कागदांवर ऑपरेशन करू नये. तारीख पुढे ढकला. त्याने काही नासत नाही, आठ वर्षं काढली आहेतच. हिशोबाचा कागद घेऊन सर्जनकडे जा आणि सरळ विचारा की हे रेकॉर्डिंग त्यांनी स्वतः उघडून पाहिलंय का. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. मॅनोमेट्री झाली नसेल तर ऑपरेशनआधी ती झालीच पाहिजे, का ते वर सांगितलं. तरीही शंका उरली तर बिनतारी कॅप्सूलची तपासणी होते. दुर्बिणीतून ती अन्ननलिकेला चिकटवतात, नाकात नळी नसते, दोन ते चार दिवसांचं रेकॉर्डिंग मिळतं आणि काही दिवसांनी ती आपोआप सुटून शौचावाटे जाते. चार दिवस मोजायचे असले की एका दिवसाचं सरबत एवढा गोंधळ घालत नाही. त्यानंतर महिनाभर एमआरआय मात्र करायचा नाही.

मग जळजळ कशाची, हा प्रश्न उरतोच. आम्ल मर्यादेत, लक्षणांशी नातं नाही आणि तरी जळतं, अशी माणसं पुष्कळ असतात. त्यांची अन्ननलिका नेहमीच्या गोष्टींनाही जास्त जोरात ओरडते. याला ‘फंक्शनल हार्टबर्न’ म्हणतात. ‘मनाचे खेळ’ म्हणून कोणी बोळवण करत असेल तर दुसरा डॉक्टर बघा. त्रास खराच असतो, उपचार वेगळा असतो. नैराश्यावरची काही औषधं अगदी कमी मात्रेत मज्जातंतूंची ही ओरड शांत करतात. केमिस्टने गोळीचं नाव वाचून भुवया उंचावल्या तर दचकू नका. झडप आवळण्याचं ऑपरेशन अशांना लाभत नाही. जळजळ तशीच राहते आणि वर ढेकर अडकायला लागते.

एक राहिलं. पॅन्टोप्रॅझोल यजमान कधी घेतात? माझा अंदाज, नाश्ता झाल्यावर, गाडीत बसायला मिळालं की. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. तपासणीने आजार नाहीच असं पक्कं ठरेपर्यंत घेताय तर निदान वेळेवर तरी घ्या.

प्रश्न : मी घाटकोपरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता एक्स-रे वाचते, मग हे आलेख वाचायला डॉक्टरांची गरज किती दिवस राहणार?

उत्तर : तुमच्या पिढीच्या घाईला माझा नमस्कार. इम्पिडन्सचे आलेख वाचायला कॉम्प्युटरला शिकवण्याची कामं प्रसिद्ध झाली आहेत, आणि घोट कुठला आणि रिफ्लक्स कुठला हे ओळखण्यात तो जुन्या ठरावीक नियमांच्या सॉफ्टवेअरपेक्षा पुढे जाईल याबद्दल मला शंका नाही. रिफ्लक्सनंतर गिळलेला घोट अन्ननलिका किती वेळा धुऊन काढतो, असे एक मापही आहे. ते हाताने मोजताना माझे डोळे पाणावतात. ते मशीनने आनंदाने घ्यावं. पण तो शिकतो कशावरून? आमच्यासारख्यांनी खुणा केलेल्या आलेखांवरून. माझे सकाळचे ४४ शिकवले की संध्याकाळचे ५३, यावर त्याची अक्कल ठरणार. आणि सोलकढी त्याला वहीत कोणीतरी लिहून दिल्याशिवाय कळायची नाही. तुम्हाला खरंच काही बनवायचं असेल तर रेकॉर्डरचं बटण सुधारा. आजोबांना अंधारात सापडेल, दाबलं की थरथरेल, आणि जेवणाचं, झोपेचं, जळजळीचं बटण हाताला वेगवेगळं लागेल, असं काहीतरी करा. पुण्य लागेल.

प्रश्न : मला पित्ताचा त्रास आहे. छातीत जळजळ झाली की ती पित्ताची की हृदयाची, हे घरच्या घरी कसं ओळखावं? (गिरगाव, वय ६४)

उत्तर : ओळखू नये. छातीत दाब, घाम, दम, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, यातलं काहीही असेल किंवा चालताना-जिने चढताना छातीत जळत असेल तर आधी ईसीजी, मग पित्त. जिरं-ओवा चघळत सकाळची वाट बघत बसू नका. आणि ‘पित्त’ हा शब्द डॉक्टरांसमोर वापरूच नका. तुम्हाला आम्ल म्हणायचं असतं, त्याला पित्ताशय ऐकू येतं, अंगावर गांधी उठल्या तरी आपल्याकडे पित्तच! नेमकं काय होतं, कुठे, कधी, ते सांगा.

प्रश्न : माझी लालबागला खानावळ आहे. नाकातून नळीची चोवीस तासांची तपासणी सांगितली आहे. नळी लावून लोकलने जाता येईल का? त्या दिवशी साधं वरण-भातच खावं ना? आणि गोळ्या बंद केल्या की फार त्रास होतो, दोन दिवसच बंद ठेवल्या तर चालेल का?

उत्तर : लोकलने खुशाल जा, फक्त गर्दीची वेळ टाळा. नळी गालाला चिकटपट्टीने लावलेली असते आणि रेकॉर्डर कमरेला किंवा खांद्याला. कोणाच्या पिशवीचा बंद अडकला की संपलं. आपल्या हवेत घामाने पट्टी सुटते, तर जादा पट्टी मागून ठेवा. सुटली तर नळी स्वतः आत ढकलू नका, फोन करा.

वरण-भात अजिबात नको, म्हणजे एरवी खात नसाल तर. लोक परीक्षेला बसल्यासारखे त्या दिवशी शहाण्यासारखे जेवतात, नऊला झोपतात, आणि तपासणी त्या शहाण्या दिवसाची होते. खानावळीत उभं राहून तुम्ही चारला जेवत असाल तर चारला जेवा. रात्री दुकान बंद करून साडेअकराला मासे-भात असेल तर तोच. नेहमी त्रास होतो तशीच वागणूक हवी आहे. अपवाद एकच : दोन जेवणांच्या मध्ये आंबट पेय नको. कोकम, लिंबू, ताक, कोला, पन्हं सगळं जेवणाबरोबर, आणि जेवणाला बसताना एकदा व उठताना एकदा बटण. स्वयंपाक करताना आमटीची चव बघणार असाल तर तीही वहीत लिहा. तुमच्या धंद्यात ती चव दिवसातून पंधरा वेळा होते, मला माहीत आहे. त्या दिवशी चव बघायला मुलाला लावा.

जळजळीचं बटण जळायला लागल्याबरोबर दाबायचं, गिऱ्हाईक आटोपल्यावर नाही. दोन मिनिटांचा हिशोब असतो. नळीमुळे घसा खवखवेल, त्याचं बटण दाबू नका.

गोळ्यांचं मात्र मनाने ठरवू नका. रिफ्लक्स आहे की नाही हेच ठरवायचं असेल तर त्या सात दिवस बंद लागतात, दोन दिवसांत त्यांचा परिणाम पुरता जात नाही. पण ज्यांचा रिफ्लक्स आधीच सिद्ध झालेला आहे आणि गोळ्या घेऊनही त्रास का होतो हे बघायचं आहे, त्यांची तपासणी गोळ्या चालू ठेवूनच करतात. तुमची कुठली, हे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारा आणि त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. बंद ठेवायच्या असतील तर मधल्या दिवसांत साधं पातळ अँटासिड चालेल का तेही विचारा. बहुधा आदल्या दिवसापर्यंत चालतं.

नळी लावायला जाताना चार ते सहा तास उपाशी जायचं असतं, म्हणजे पहाटेचा चहासुद्धा नाही. आणि आंघोळ घरून करून जा. नळी निघेपर्यंत दुसरी मिळायची नाही, रेकॉर्डरला पाणी चालत नाही.